लेखकाचा ‘आज’ आणि वाचकाचा ‘आज’

भाषाविज्ञानाची पदव्युत्तर परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण हल्ली अध्यापनाकडे न वळता अनुवाद, चित्रपटांची उपशीर्षके, ध्वनिमुद्रित संभाषणांचे लेखन, संगणकीय उपयोगासाठी मराठी वाक्यांची तपासणी अशा कामांत शिरतात. ही कामे पुष्कळदा परदेशांतील संस्थांकडून येतात. नेमणूकपत्र नाही, कचेरी नाही, वरिष्ठांच्या समोर बसण्याचा प्रसंग नाही. घरातील मेजावर बसून, ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसाचे काम करून द्यावयाचे. असे काम करणाऱ्यास फ्रीलान्सर म्हणतात आणि ज्याचे काम करावयाचे त्यास क्लायंट. दोन्ही शब्द मराठीत आता रुळले आहेत, तेव्हा येथेही तेच वापरणे सोयीचे होईल.

या संबंधाचे वैशिष्ट्य असे की, त्याचे सारे भांडवल लिहिलेली वाक्ये हेच असते. कचेरीतील माणसाविषयीचे मत त्याच्या चालण्याबोलण्यावरून, वेळेवर येण्यावरून, दुपारच्या चहाच्या वेळच्या गप्पांवरूनही बनत असते. फ्रीलान्सरच्या बाबतीत क्लायंटच्या हाती केवळ पत्र असते. (संगणकावरून गेलेल्या मजकुरासही येथे पत्रच म्हटले आहे.) म्हणूनच अशा पत्रव्यवहारात आपलेपणा असावा, तो कोरडा नसावा, असा उपदेश या व्यवसायातील अनुभवी मंडळी नवख्यांना करतात. उपदेश रास्त आहे. मात्र तो आचरणात आणण्याचा जो मार्ग सुचविला जातो, तो बहुधा अभिवादनाचा असतो: नावाने संबोधावे, हवापाण्याची चौकशी करावी, शेवटी शुभेच्छा द्याव्यात. प्रस्तुत लेखकाच्या मते आपलेपणाची पहिली कसोटी याहून पुष्कळ साध्या ठिकाणी लागते. ‘आज’, ‘उद्या’, ‘सकाळी’, ‘शुक्रवारपर्यंत’ हे शब्द आपण कोणाच्या घड्याळाने लिहितो, हे ते ठिकाण होय. हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटला तरी मुळात भाषाविज्ञानाचा आहे.

‘पुणे’, ‘झाड’, ‘इ. स. १९०६’ या शब्दांचा निर्देश कोण बोलतो यावर अवलंबून नसतो. ‘मी’, ‘इथे’, ‘आता’, ‘उद्या’ यांचा असतो. भाषेतील या गुणास डेइक्सिस ही संज्ञा आहे. आपण त्यास दर्शकता म्हणू. कार्ल ब्यूलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, प्रत्येक उक्तीला एक आरंभबिंदू असतो. ‘मी, इथे, आता’ या तीन अक्षांच्या छेदावर तो वसलेला असतो आणि सर्व दर्शक शब्द तेथून मोजले जातात. समोरासमोरच्या संभाषणात हा बिंदू दोघांनाही दिसतो, म्हणून अडचण येत नाही. पत्रात ती येते. चार्ल्स फिलमोर याने १९७१ साली सांताक्रूझ येथे दिलेल्या व्याख्यानांत उक्ती रचण्याचा काळ आणि उक्ती ग्रहण करण्याचा काळ असे दोन काळ वेगळे काढून दाखविले. यांना लेखनकाळ व वाचनकाळ म्हणता येईल. जुन्या टपालाच्या पत्रात हे दोन काळ चारसहा दिवसांनी दूर असत, पण ते दूर आहेत याची जाणीव उभयतांना असे आणि पत्राच्या माथ्यावर तारीख घातल्यावाचून कोणी पत्र लिहीत नसे. आजच्या पत्राची गंमत अशी की, ते क्षणार्धात पोहोचते. त्यामुळे लेखनकाळ आणि वाचनकाळ एकच आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात मात्र वाचणारा त्या वेळी झोपलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्याचे दिवस आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील क्लायंट गुरुवारी दुपारी ४ वाजता पुण्याच्या अनुवादिकेस लिहितो, ‘हा मजकूर उद्या सकाळी मिळाला तर बरे होईल.’ पुण्यात त्या वेळी शुक्रवारचे पहाटेचे ४-३० झालेले असतात. अनुवादिका ८ वाजता उठून पत्र वाचते. तिच्या दृष्टीने आज शुक्रवार, म्हणजे उद्या शनिवार. ती दिवसभर सावकाश काम करते आणि शनिवारी सकाळी ९ वाजता, अगदी वेळेवर, मजकूर पाठविते. सॅन फ्रान्सिस्को येथे तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे ८-३० झालेले असतात. कचेरी बंद, आठवडा संपलेला. क्लायंटला मजकूर हवा होता तो त्याच्या शुक्रवारी सकाळी, म्हणजे पुण्याच्या शुक्रवारी रात्री ९-३० च्या सुमारास. दोघांनीही शब्द बरोबर वापरले आणि बरोबर वाचले. तरीही साडेअकरा तासांचा उशीर झाला. क्लायंटच्या वहीत याची नोंद ‘भाषा चांगली, पण वेळ पाळत नाही’ अशी होते आणि पुढचे काम दुसरीकडे जाते. अनुवादिकेस त्याचे कारणही कळत नाही, कारण तिच्या समजुतीने तिने वेळ पाळलेली असते.

दर्शकतेचा आरंभबिंदू वाचणाऱ्याकडे नेऊन ठेवणे ही युक्ती नवी नाही. लॅटिन व्याकरणात पत्रकाळ म्हणून एक प्रकार शिकवितात. रोमन लेखक पत्र लिहिताना, जे त्याच्या दृष्टीने वर्तमान आहे ते भूतकाळात मांडी. कारण पत्र वाचले जाईल तेव्हा ते भूतच झालेले असणार. ‘मी हे लिहीत आहे’ असे न म्हणता ‘मी हे लिहीत होतो’, ‘अजून बातमी आलेली नाही’ याऐवजी ‘तोवर बातमी आलेली नव्हती’ अशी ती घडण होती. सिसरोच्या पत्रांत, विशेषतः अ‍ॅटिकस या त्याच्या स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत, तिची उदाहरणे आढळतात. सिसरो हा नियम सर्वत्र पाळतो असे नाही. एकाच पत्रात तो कधी स्वतःच्या काळातून लिहितो, कधी वाचकाच्या. हेही बोधप्रद आहे. वाचकाच्या काळात शिरण्याला सतत अवधान लागते आणि ते लिहिता लिहिता सुटते.

आपल्याकडील जुनी पत्रे पाहिली तर तेथे क्रियापदाचा काळ न बदलता हेच कार्य दुसऱ्या रीतीने साधलेले दिसते. पेशवाईतील मराठी पत्राच्या आरंभी मायन्यानंतर क्षेमकुशलाचा एक ठराविक साचा येतो. त्याचा आशय असा की, येथील कुशल अमुक तारखेतागायत, अमुक मुक्कामी, जाणून आपले कुशल लिहीत असावे. इतिहासाचे अभ्यासक हा साचा ओलांडून मुख्य मजकुराकडे वळतात, आणि त्यांच्या कामापुरते ते योग्यच आहे. भाषेच्या अभ्यासकाने मात्र ‘तागायत’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे. लिहिणारा ‘आम्ही कुशल आहोत’ असे मोघम विधान करीत नाही. आपल्या विधानाला तो अवधीची मर्यादा घालतो: या दिवसापर्यंत, या ठिकाणी हे खरे आहे, पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हाचे मी सांगू शकत नाही. मुक्कामाचा उल्लेख ‘इथे’चा निर्देश पक्का करतो, तारखेचा उल्लेख ‘आता’चा. सांडणीस्वार आणि जासूद यांच्या हाती पत्र देणाऱ्या माणसाला ब्यूलरची परिभाषा ठाऊक नव्हती, परंतु तिच्यातील तीनपैकी दोन अक्ष तो नेमाने भरीत असे. आजच्या फ्रीलान्सरने ‘काम चालू आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘माझ्याकडील मंगळवार सायंकाळपर्यंत ४० पृष्ठांपैकी २५ झाली’ असे लिहिले, तर तो याच परंपरेतील वाक्य लिहीत असतो.

आता घड्याळांविषयी थोडे. देशभर एकच वेळ असणे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, ती व्यवस्था अलीकडची आहे याचा विसर पडतो. ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी अमलात आली. तरीही मुंबई शहरात तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालू होती. म्हणजे एका पिढीतील मुंबईकरांना ‘साडेदहा, पण कोणते साडेदहा?’ हा प्रश्न परिचित होता. आज तो प्रश्न पुन्हा उभा आहे, फक्त अंतर वाढले आहे. आणि अंतर एकदा पाठ केले म्हणजे सुटलो असेही नाही, कारण ते स्थिर नसते. भारतात घड्याळ वर्षभर हलत नाही. अमेरिकेच्या बहुतेक भागांत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाते व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपात हे बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. परिणामी न्यूयॉर्क पुण्याच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास व हिवाळ्यात साडेदहा तास असते. शिवाय मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा न्यूयॉर्क व लंडन यांच्यातील नेहमीचे अंतरही बिघडलेले असते. ज्याचा एक क्लायंट तेथे व एक येथे आहे, त्याने हे आठवडे दिनदर्शिकेत खूण करून ठेवावेत. वेळेपुढे ‘आय.एस.टी.’ अशी अक्षरे जोडली म्हणजे अर्थ निश्चित झाला, हाही भ्रम आहे. तीच आद्याक्षरे इस्रायलच्या प्रमाणवेळेची आणि आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचीही आहेत. शहराचे नाव लिहिणे केव्हाही श्रेयस्कर.

एवढे झाले यंत्राचे. हा भाग संगणक सांभाळू शकतो. पत्र लिहून ठेवून ते वाचकाच्या सकाळी सुटेल अशी सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे. यंत्राला जे सांभाळता येत नाही ते भाषेत आहे. मराठी मनाने विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाच्या वाटेतील काही जागा येथे सविस्तर पाहण्याजोग्या आहेत.

त्यांतील सर्वांत घातक ‘पुढे’ ही होय. मराठीत बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती लांबली, यात मराठी भाषकाला तिळमात्र संशय नसतो. उलट अर्थ हवा असेल तर बैठक ‘अलीकडे आणली’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत बैठक ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, म्हणजे शब्दशः पुढे सरकविली गेली, या प्रयोगाची गोष्ट निराळी आहे. लेरा बोरोदित्स्की आणि मायकेल रॅम्स्कर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजी भाषकांना विचारले होते की, येत्या बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ सरकविली तर ती कोणत्या वारी होईल. काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. आणि नुकताच प्रवास केलेल्या किंवा प्रवासाच्या विचारात असलेल्या लोकांचा कल शुक्रवारकडे अधिक होता. काळातून आपण चालत जातो अशी कल्पना केली की पुढे म्हणजे नंतर. काळ आपल्याकडे चालत येतो अशी केली की पुढे म्हणजे अगोदर. मराठी ‘पुढे ढकलणे’ या प्रयोगात हा वाद रूढीने मिटलेला असल्यामुळे मराठी वाचक या इंग्रजी शब्दापाशी अडखळतच नाही, तो बेधडक चुकीचा अर्थ घेतो. अडखळणारा निदान उलटून विचारतो. येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. ‘पोस्टपोन’ च्या विरुद्धार्थी ‘प्रीपोन’ हे क्रियापद भारतीय इंग्रजीत तयार झाले, त्याची विनाकारण चेष्टा होते. ते नियमाने घडलेले, उपयुक्त आणि निःसंदिग्ध आहे. अडचण इतकीच की ओहायोमधील क्लायंटला ते ठाऊक असेलच असे नाही. अशा वेळी नवा वार व नवी तारीख लिहावी, क्रियापदावर विसंबू नये.

दुसरी जागा ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत काम करीन’ आणि ‘शुक्रवारपर्यंत काम पाठवीन’ या दोन वाक्यांत शब्दयोगी अव्यय एकच, परंतु अर्थ दोन. पहिल्यात क्रिया शुक्रवार येईतो चालू राहते, दुसऱ्यात ती शुक्रवार उलटण्याच्या आत एकदाच घडते. कोणता अर्थ घ्यावयाचा हे मराठीत क्रियापदाच्या स्वरूपावरून कळते. जर्मन ‘बिस’ या अव्ययाचे वर्तन असेच आहे. इंग्रजीने मात्र या दोन अर्थांना दोन शब्द दिले आहेत, ‘टिल’ आणि ‘बाय’, आणि मराठी लेखक पहिला शब्द दोन्हींकडे लावतो. ‘आय विल सेंड टिल फ्रायडे’ हे वाक्य वाचणाऱ्याला शुक्रवार येईतो काहीतरी हप्त्याहप्त्याने येत राहणार असे वाटते. जर्मन क्लायंट आणि मराठी अनुवादक परस्परांशी इंग्रजीत बोलत असले तर दोघेही सारखेच चुकून परस्परांना अचूक समजून घेतील. पण या योगायोगावर व्यवसाय उभारता येत नाही.

जर्मनांचाच विषय निघाला म्हणून घड्याळाच्या अर्ध्या तासाविषयी. आपले ‘साडेपाच’ म्हणजे पाच आणि अर्धा. जर्मनमध्ये ‘हाल्ब झेक्स’, शब्दशः अर्धे सहा, म्हणजेही साडेपाचच, कारण सहाव्या तासाचा अर्धा भाग सरलेला असतो. इंग्लंडमध्ये बोलताना ‘हाफ सिक्स’ म्हणतात ते मात्र साडेसहा. तीन भाषा, एक अर्धा, आणि दोन उत्तरे. अंकांत लिहिले की प्रश्न उरत नाही.

तिसरी जागा दिवसाच्या सीमेची आहे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा मध्यरात्री. मराठी बोलण्यात पंचांगाचा संस्कार अजून टिकून आहे: ‘मंगळवारी रात्री दीड वाजता’ म्हणजे मंगळवारचा दिवस मावळल्यानंतरच्या रात्री. घड्याळाच्या हिशोबाने तो बुधवार असतो. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात मंगळवारी दुपारी ४ वाजता दूरध्वनीवर बोलावयाचे ठरले, तर पुण्याच्या माणसाच्या तोंडी तो ‘मंगळवारी रात्री दीड’ राहतो आणि संगणकाच्या दिनदर्शिकेत बुधवारी ०१-३० अशी नोंद होते. मराठी भाषकाने हीच वेळ इंग्रजीत ‘ट्यूजडे नाइट’ म्हणून कळविली तर क्लायंट मंगळवार उजाडण्यापूर्वीची, म्हणजे स्वतःच्या सोमवारी दुपारची, वेळ मांडून बसण्याची शक्यता असते. 

चौथी जागा क्रियापदाची आणि ती थोडी नाजूक आहे. मराठीत नुसते ‘पाठवीन’ म्हटले तर त्यात पुष्कळदा एक सैलपणा ऐकू येतो. बघू, जमेल तेव्हा, असा. निश्चयाने सांगावयाचे असते तेव्हा आपण वर्तमानकाळ वापरतो, ‘आत्ता पाठवतो’. त्याहून घाई असेल तर भूतकाळ: ‘आलोच’, ‘हे काय, पाठवलेच समजा’. आश्वासन जितके पक्के तितके क्रियापद मागच्या काळाकडे सरकते. हा मराठीचा मोठा सुंदर विशेष आहे. पण तो जसाच्या तसा इंग्रजीत नेला की, ‘मी पाठवत आहे’ हे वाचून क्लायंट सोबत जोडलेला मजकूर शोधू लागतो. तो सापडत नाही. दोन तासांनी मजकूर जातो तेव्हा क्लायंटकडे रात्र झालेली असते. लिहिणाऱ्याच्या मनातील तत्परता वाचणाऱ्याला हलगर्जीपणा म्हणून पोहोचते, ती अशी.

इथवर एकेका शब्दाचा विचार झाला. याहून मोठे नुकसान प्रश्नोत्तराच्या रचनेत होते. शेग्लॉफ व सॅक्स यांनी १९७३ साली संभाषणातील जोड्यांचे वर्णन केले: प्रश्नामागून उत्तर, विनंतीमागून होकार वा नकार. पहिला अवयव उच्चारला की दुसऱ्याची अपेक्षा उत्पन्न होते आणि तो न आल्यास त्या मौनालाही अर्थ प्राप्त होतो. समोरासमोर अर्ध्या मिनिटाचे मौन पुरेसे बोलके असते. पुण्याहून सकाळी ११ वाजता गेलेल्या प्रश्नापाठोपाठचे आठ तासांचे मौन मात्र काहीच बोलत नाही. न्यूयॉर्कला तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. नवखे फ्रीलान्सर या मौनाचा अर्थ नाराजी असा करून दुपारी आठवणीचे पत्र धाडतात, सायंकाळी दुसरे, आणि क्लायंट सकाळी उठतो तो तीन पत्रांच्या तगाद्याला. उलट, प्रश्न संदिग्ध असेल तर त्याची किंमत एका फेरीची, म्हणजे पूर्ण एका दिवसाची असते.

अनुवादकाच्या कामातले उदाहरण येथे उपयोगी पडेल. रुग्णांसाठीचे एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणावयाचे आहे. इंग्रजी ‘यू’ साठी मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन पर्याय. उपशीर्षकांत याहून बिकट प्रसंग येतात: पडद्याबाहेरून ऐकू येणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे कळल्याशिवाय ‘येतो’ की ‘येते’ ठरत नाही, ‘अंकल’ हा काका की मामा, ‘कझिन’ हा चुलत, मावस, मामे की आते, हे मूळ संहितेत लिहिलेले नसते. अनुवादकाने नुसते ‘येथे औपचारिक रूप हवे का?’ असे विचारले तर केवळ इंग्रजी जाणणाऱ्या क्लायंटला प्रश्नच कळत नाही. तो सकाळी ९ वाजता ‘म्हणजे काय?’ असे विचारतो, तेव्हा पुण्यात सायंकाळ असते. अनुवादिका तेव्हा मेजापाशी नसली तर तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी जाते आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सायंकाळी येते. हाच प्रश्न असा विचारता येईल: मराठीत वाचकाला संबोधण्याची तीन रूपे आहेत, पहिले लहान मुलास वा जिवलगास, दुसरे अपरिचित प्रौढास सर्वसाधारणपणे, तिसरे विशेष आदराने, या पत्रकासाठी मला दुसरे योग्य वाटते, तुमच्या बुधवारी दुपारी १२ वाजेपर्यंत वेगळी सूचना न आल्यास ते धरून पुढे जाईन. या मांडणीत क्लायंटला न कळणारी गोष्ट त्याच्या भाषेत सांगितलेली आहे, निवड सुचविलेली आहे, आणि त्याचे मौनही उपयोगी ठरेल अशी तजवीज आहे. शुभेच्छांची तीन वाक्ये जो विश्वास निर्माण करू शकत नाहीत तो अशा एका परिच्छेदाने निर्माण होतो, असे मला निश्चितपणे वाटते.

याचा अर्थ शुभेच्छा व्यर्थ आहेत असा घेऊ नये. ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की याने १९२३ साली दाखवून दिले की, माणसे पुष्कळसे बोलतात ते माहिती देण्याकरिता नव्हे, केवळ सहवासाचा धागा टिकविण्याकरिता. क्षेमकुशलाचा आपला साचाही याच जातीचा. पण हा धागासुद्धा काळात गुंफलेला असतो. इंग्रजी अभिवादन दिवसाच्या प्रहराला बांधलेले आहे. क्लायंटच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या पत्रात ‘गुड मॉर्निंग’ आले की लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार केलेला नाही हे पहिल्याच ओळीत उघड होते. मराठी ‘नमस्कार’ या बाबतीत भाग्यवान आहे. त्याला सकाळ नाही, संध्याकाळ नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोतील मराठी क्लायंटला तो केव्हाही चालतो. अन्य क्लायंटच्या बाबतीत त्याच्या दिवसाचा अचूक उल्लेख करावा, किंवा तो टाळून नावाने संबोधून थेट विषयाकडे वळावे. नावाने संबोधणे आपल्या लोकांना जड जाते हे खरे. वडीलधाऱ्या माणसाचे नुसते नाव लिहिताना हात अडखळतो आणि ‘सर’ येते. अमेरिकन क्लायंटला त्यात आदर न जाणवता दुरावा जाणवतो.

सर्वनामांचा आणखी एक प्रश्न येथेच उरकून घेतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ निराळे: पहिल्यात ऐकणारा वगळलेला, दुसऱ्यात सामावलेला. इंग्रजी ‘वी’ मध्ये हा भेद नाही. एकट्याने काम करणारा मराठी फ्रीलान्सर विनयाने वा वजन यावे म्हणून ‘वी विल चेक’ लिहितो, मनात ‘आम्ही’ असतो, आणि क्लायंट ‘आपण’ असे वाचून स्वतः तपासणीला बसतो. किंवा कामावर आणखी माणसे नेमलेली आहेत असे समजतो, जे गोपनीय मजकुराच्या बाबतीत अंगाशी येऊ शकते. एकट्याने ‘आय’ लिहावे.

राहिला प्रश्न असा की, घड्याळ बदलून सांगण्याचा भार कोणी वाहावा. व्यवहारात तो दुबळ्या पक्षावर पडतो. क्लायंट स्वतःच्या वेळेत लिहितो आणि फ्रीलान्सर हिशोब करतो. भाषेतील दर्शकतेचा आरंभबिंदू ज्याच्या हाती पैसा त्याच्या ठिकाणी जाऊन बसतो. वर वाचकाच्या काळातून लिहिण्याचा पुरस्कार केला आहे, त्याचा असा अर्थ काढला जाऊ नये की फ्रीलान्सरला स्वतःचा दिवसच असू नये. रात्री दीडच्या बैठकीला ‘माझ्यासाठी कोणतीही वेळ चालेल’ असे उत्तर देणारी मंडळी माझ्या माहितीत आहेत. ते सौजन्य दिसते, पण त्या वाक्यात लिहिणारा माणूसच नाहीसा झालेला असतो, आणि मग आपलेपणा कोणाशी जोडावयाचा? दोन्ही घड्याळे लिहिली की दोन्ही माणसे पत्रात राहतात: ‘शुक्रवार, ता. १२ जून २०२६, न्यूयॉर्क सकाळी ९-००, पुणे सायंकाळी ६-३०’. महिना अक्षरात लिहावा. १२/६ हे अमेरिकेत ६ डिसेंबर ठरते. एकदा असे लिहिण्याची पद्धत पाडली की क्लायंटही पुष्कळदा त्याच रीतीने उत्तर देऊ लागतो, आणि पुण्याची सायंकाळ त्याच्या ध्यानात येते.

सणांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. अमेरिकेचा थँक्सगिव्हिंगचा दिवस नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो हे आपल्याकडील फ्रीलान्सर पहिल्या वर्षातच शिकतो, कारण त्या आठवड्यात काम येत नाही. गणेशचतुर्थी मात्र चांद्र तिथीने येते, दरवर्षी तिची इंग्रजी तारीख बदलते, आणि परदेशी क्लायंटच्या दिनदर्शिकेत ती बहुधा छापलेलीच नसते. तेव्हा ती त्याला ठाऊक असावी अशी अपेक्षा न ठेवता तीन आठवडे अगोदर, दोन्हीकडच्या वारांसह, ‘या तारखेच्या सकाळपासून या तारखेच्या रात्रीपर्यंत मी काम करणार नाही, घरी गणपती असतो’ असे लिहावे. कारण सांगावे. ‘वैयक्तिक अडचण’ असे लिहिले तर क्लायंट आजारपणाची कल्पना करतो. गणपतीचे नाव काढले तर पुढच्या वर्षी कदाचित तोच तारीख विचारतो.